तिसरी चांदणी

पेनाचं टोपण काढून ज्ञानदा शेंडे यांनी कागद आणि पेन दोन्ही पुढे सरकवलं, तसे नागावकरशेठनी टेबलावरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी. तीन चांदण्या दिसल्या की त्या मिनिटाला करतो."

निवडणूक शाखेच्या नायब तहसीलदार म्हणून चार वर्षांत ज्ञानदाबाईंनी सही टाळण्याची पुष्कळ कारणं ऐकली होती. कुणाचा चष्मा घरी राहिलेला असे, कुणाला आधी थोरल्या भावाला विचारायचं असे, कुणाच्या घरात नेमकं सुतक निघे. चांदण्यांचं कारण त्यांना नवीन होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा वाजले होते.

"शेठ, यादीचं काम आज संध्याकाळी सातला बंद होतं. सात म्हणजे सात. ते माझ्या हातात नाही, वरूनच बंद करतात. त्याच्या आत हा कागद संगणकावर चढला तर एकेचाळीस माणसं यादीत. नाही चढला तर पुढची फेरी पावसाळ्यानंतर."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. आज शनिवार आहे."

शेठच्या मागे भिंतीला टेकून बनाबाई खरात उभी होती. वय पासष्टीच्या पुढे, कपाळावर आडवं कुंकू, कमरेला पानाची चंची. शेजारी तिचा मुलगा धनाजी. शेठ जे बोलले ते दोघांनाही नवीन नव्हतं. पण धनाजीने मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं, आणि बनाबाईने शेठच्या शर्टाच्या खिशाकडे. शनिवारी तीन चांदण्या दिसेपर्यंत शेठ लिहीत नसत, आणि तो खिसा रिकामा असे. पेन नाही, पाकीट नाही, चिठ्ठी नाही.

शालोम रूबेन नागावकर यांना चौऱ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. त्यांचे आजोबा कोकणातून तेलाचा घाणा घेऊन साताऱ्याला आले. तो घाणा शनिवारी बंद असे, एवढीच गावाला त्यांच्या ज्यू धर्माची माहिती. वडिलांनी घाणा मोडून लोकरीवर उचल द्यायचा धंदा धरला. शालोमशेठ सांगलीला वकिली शिकले, ती फारशी चालवली नाही, आणि पूर्वेकडच्या कोरड्या माळावर येऊन पतसंस्था काढली. मेंढपाळांना त्या काळी कुणी कर्ज देत नसे, कारण त्यांच्या घराला नंबर नव्हता. शेठनी कर्ज दिलं आणि सोबत फोटो डकवलेलं पासबुक दिलं. पांढरमाळच्या वस्तीवर आलेला तो पहिला सरकारी दिसणारा कागद. त्याच पासबुकाच्या जोरावर शेठनी वस्तीच्या रेशनकार्डासाठी अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पोरांच्या शाळाप्रवेशासाठी उपोषण केलं आणि शेवटी वस्तीची नावं मतदार यादीत आणली.

त्या उपोषणाची गोष्ट तालुक्यात अजून सांगतात. शुक्रवारी सूर्य मावळताना शेठ मांडवातून उठले, घरी जाऊन जेवले, शनिवारभर व्यवस्थित जेवले आणि रात्री परत येऊन उपाशी बसले. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, उपाशी राहायचं नसतं, असं त्यांनी कलेक्टरला शांतपणे सांगितलं. विरोधकांनी यथेच्छ टिंगल केली. पण प्रवेश मिळाले.

पुढे बायको रिबेका गेली, दोन्ही मुली इस्रायलला गेल्या, शेठ साताऱ्यालाच राहिले. का राहिलात असं विचारलं की म्हणत, इथली कामं उरकली की जाईन. कामं उरकत नव्हती. या वर्षी यादी तपासणारे लोक पांढरमाळला आले तेव्हा वस्ती रिकामी होती. सगळे जण मेंढरं घेऊन कऱ्हाड-मलकापूरकडच्या रानात बसवायला गेले होते, दर वर्षी जातात तसे. तपासणाऱ्यांनी कुलपं पाहिली आणि एकेचाळीस नावांपुढे 'कायमचे स्थलांतरित' असं लिहून टाकलं. त्याची नोटीस बिरोबाच्या देवळावर लावली. ती वाचायला देव आणि गुरव असे दोघेच गावात होते, आणि गुरवाला चाळिशी लागली होती.

बातमी बुधवारी बनाबाईपर्यंत पोचली. तिने गुरुवारी शेठना फोन केला. शुक्रवारी सकाळच्या एसटीने शेठ साताऱ्याहून तालुक्याच्या गावी आले, तर ज्ञानदाबाई मीटिंगसाठी साताऱ्याला गेलेल्या. दोघं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेले असणार. मग शुक्रवारचा सूर्य मावळला आणि शेठ पतसंस्थेच्या शाखेतल्या खोलीत मुक्कामाला राहिले. शनिवारी सकाळी ते तिथून चालत कचेरीत आले होते.

"दुसरं कुणी सही केली तर चालत न्हाई का?" धनाजीने विचारलं. तो सैन्यात सतरा वर्षं काढून आलेला, सरळ प्रश्न विचारायची त्याला सवय होती.

ज्ञानदाबाईंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवून वाचून दाखवलं. "वरील इसम या ठिकाणी राहतात, याबद्दल ज्यांच्या सांगण्यावर अधिकाऱ्याची खात्री पटेल अशा व्यक्तीची समक्ष सही." मग वर पाहून म्हणाल्या, "खात्री माझी पटायला हवी. शेठनी तुम्हाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाहिलंय. त्यांच्या संस्थेचं दप्तर आहे. त्यांची पटते."

"आनी आमी सांगितलं तर? माझी आई सांगंल की, कोन कुठं ऱ्हातं."

"ज्यांची नावं उडालीत त्यांनीच साक्ष द्यायची?"

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. मागच्या वर्षी एका गावात त्यांनी लोकांच्या तोंडी सांगण्यावर सोळा नावं घेतली होती. त्यातली नऊ माणसं पुण्यात राहणारी निघाली आणि ज्ञानदाबाईंना मेमो मिळाला. वाईच्या घरी त्यांनी तो कुणाला दाखवला नव्हता. तेव्हापासून त्या गोड बोलत आणि कागद मागत.

"शेठ," धनाजी पुढे येऊन म्हणाला, "रागावू नगा. पर एका सईपायी एकेचाळीस मानसं?"

शेठ त्याच्याकडे वळले.

"कुणाचा जीव जात असता तर केली असती, धनाजी. आमच्यात तशी मुभा आहे. जिवापुढे शब्बाथ मोडायचाच असतो. पण हा जीव नाही. हे नाव आहे."

"आमाला नाव म्हंजे जीवच हाय. तुमीच शिकवलंय त्ये."

पन्नास वर्षं शेठनी हेच भाषणांत सांगितलं होतं, हेच कोर्टात लिहून दिलं होतं. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि रिकाम्या खिशाशी गेला. मग तो हळूच टेबलाकडे वळला, पेनाच्या दिशेने.

"ऱ्हावू द्या, शेठ," बनाबाई भिंतीपासून म्हणाली.

हात थांबला.

"आमच्या सोयीसाठी म्हाताऱ्याचा शनवार मोडला, असं उद्या कुनी म्हनाया नगं. आमच्या बी देवाचे वार हायती. तुमी कवा आमाला ते मोडा म्हनला न्हाई. सांजंपत्तूर दम धरू. चांदन्या काय आमच्या वळकीच्या न्हाईत व्हय?"

धनाजी तिच्याकडे बघतच राहिला. एकेचाळीसांत तिचं नाव नवव्या ओळीवर होतं. गावच्या पंचायतीत या वेळी एक जागा बायकांसाठी राखीव झाली होती, आणि वस्तीतून पहिल्यांदाच कुणीतरी उभं राहायचं ठरलं होतं. ते कुणीतरी म्हणजे बनाबाई. यादीत नाव नसेल तर अर्जसुद्धा भरता येत नाही. धनाजीने भिंतीवर तिचं नाव रंगवायला चुनाही आणून ठेवला होता.

दुपार कचेरीच्या व्हरांड्यात गेली. शेठ बाकावर बसून होते. बनाबाई खाली फरशीवर. तिने भाकरी सोडली, शेठनी धनाजीने आणून दिलेली केळी सोलली. दोघांनी आपापलं खाल्लं. शिपाई लालासाहेब दोनदा पाणी घेऊन आला आणि दोन्ही वेळा आकाशाकडे बघून गेला, जणू चांदण्या लवकर निघायची शक्यता होती.

"मुंबैचं तुमचं क्यालेंडर असतंय न्हवं, येळ छापल्यालं?" बनाबाईने विचारलं.

"असतं. पण ती मुंबईची वेळ. आज सात वाजून दहा मिनिटं दिली आहे. इकडे सूर्य थोडा आधी मावळतो. वडील चांदण्या मोजायचे, मी चांदण्या मोजतो." ते थोडं थांबले. "म्हणजे रिबेका मोजायची. मला आता नुसतं धुरकट दिसतं. गच्चीवर ती उभी राहायची आणि मी खालून विचारायचो."

"आता कोन सांगतंय?"

"कुणी नाही. मी पुष्कळ उशीर होऊ देतो. घाई नसते."

आज घाई होती. साडेसहाला सूर्य डोंगरामागे गेला. पावणेसातला सगळे कचेरीच्या अंगणात उभे होते. ज्ञानदाबाईंनी कागद संगणकाशेजारी तयार ठेवला होता. सही झाली की फोटो काढून चढवायला दोन मिनिटं लागणार, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नंतर त्याही दारात येऊन उभ्या राहिल्या. शेठ अंगणाच्या मधोमध, मान वर, डोळे उघडे, काही न बघता.

"बनाबाई, किती?"

"एक. मावळतीला."

"ती शुक्राची. ती धरायची नाही. ती उजेडातसुद्धा दिसते."

धनाजीने श्वास सोडला. लालासाहेबाने घड्याळ पाहायला आत धाव घेतली आणि सहा एक्कावन्न झाल्याचं ओरडून सांगितलं. बाहेर येऊन त्याने पूर्वेकडे बोट केलं. "ती बगा मॅडम, लाल चांदनी! ती धरा की!"

"ती पवनचक्की हाय," बनाबाई म्हणाली.

माळावरची पवनचक्की तांबडा दिवा उघडझाप करत राहिली. शेजारच्या वडावर बगळे भांडत होते. डोक्यावरचं आभाळ अजून निळं होतं. बनाबाईने डोळ्यांवर हात धरला नाही, मान फिरवली नाही. मेंढरं राखताना रात्र कधी पडली हे ती जशी बघत आली होती, तशीच उभी राहिली.

"शुक्राची सोडून एक," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दोन."

"सहा पंचावन्न!" लालासाहेब.

मग काही होईना. आभाळाच्या त्या निळ्या कापडातून तिसरी काही बाहेर येईना. धनाजी आईच्या मागे आला आणि तिच्या कानाशी वाकला. तो हळूच बोलला, पण सैन्यातल्या माणसाचं हळू बोलणंही चार पावलांवर ऐकू येतं.

"आई, तीन म्हन. त्यास्नी कुठं दिसतंय?"

ज्ञानदाबाई चार पावलांवरच होत्या.

"बनाबाई, किती झाल्या?" शेठनी विचारलं. त्यांनी धनाजीचं ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

बनाबाईने मुलाकडे पाहिलं. मग दाराकडे, आतल्या उजेडातल्या कागदाकडे पाहिलं. नवव्या ओळीवरचं आपलं नाव तिने दुपारी स्वतः वाचलं होतं. चाळिशीत असताना शेठनीच तिला पासबुकावर सही करायला शिकवलं होतं.

"दोनच," ती म्हणाली.

शेठनी मान हलवली आणि पुन्हा वर करून धरली.

ज्ञानदाबाई वळल्या आणि आत गेल्या. त्या कुलूप आणायला गेल्या असंच लालासाहेबाला वाटलं. पण आतून त्यांनी हाक मारली.

"बनाबाई, आत या. लवकर."

बनाबाई आत आली. ज्ञानदाबाई उभ्यानेच बोलत होत्या आणि बोलता बोलता कागद तिच्यापुढे सरकवत होत्या. "ही सगळी माणसं पांढरमाळला राहतात?"

"व्हय."

"मेंढरं घेऊन जातात आणि परत येतात?"

"मिरगाच्या आत परत येत्यात. जात्यात कुठं दुसरीकडं? घरं हितंच हायती. त्यात तेराव्या वळीचा केरबा तेवढा दोन वर्सं झाली आला न्हाई. लेकीकडं ऱ्हातोय, खंडाळ्याला. त्याचं मला सांगता यायचं न्हाई."

केरबाच्या नावाखाली शेठच्या दप्तरात चालू खातं होतं. तो वस्ती सोडून गेल्याचं शेठनाही ठाऊक नव्हतं. ज्ञानदाबाईंनी तेराव्या ओळीवर लाल रेघ मारली. मग पेन नवव्या ओळीवर आणलं आणि तिथे थांबल्या.

"साक्षीदाराचं स्वतःचं नाव या कागदात चालत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची सही घेतली तर हे काढावं लागेल. तुम्ही या वेळी राहाल. मत नाही, आणि उभंही..."

"मॅडम, थांबा," धनाजी दारातून म्हणाला. "चांदनी निगंल की. दोन मिंटं!"

"दोन मिनिटंच आहेत," लालासाहेब म्हणाला.

"काडा," बनाबाई म्हणाली.

"आई!"

"उबी ऱ्हायला तुझी बायकू हाय की. राणीचं नाव इसाव्या वळीला हाय. काडा वो मॅडम."

लाल रेघ मारली गेली. बनाबाईने पेन हातात घेतलं. ती सही करताना अक्षर अक्षर उच्चारत असे, तशीच तिने केली, ब पासून त पर्यंत, खराताच्या र वर जरा अडकून. लालासाहेब तिच्या खांद्यावरून घड्याळ बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. ज्ञानदाबाईंनी फोटो काढला, कागद चढवला, बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. मग हिरवी खूण आली. सहा एकोणसाठ. एकोणचाळीस नावं.

ज्ञानदाबाई खुर्चीत बसल्या. मेमोची आठवण त्यांना आली असावी, कारण त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. 'साक्षीदाराची समक्ष खात्री पटली.' कशावरून पटली, ते त्यांनी लिहिलं नाही.

अंगणात शेठ एकटेच उभे होते. आत काय झालं ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त दुसरं काहीतरी वाटलं, ज्याला पन्नास वर्षांत त्यांनी नाव शोधलं नव्हतं. पांढरमाळच्या कागदावर पहिल्यांदाच नागावकर हे नाव कुठेही नव्हतं. आणि दुपारी त्यांनी सही केली असती, तर बनाबाईचं नाव राहिलं असतं, हेही त्यांनी कुणी न सांगता मांडून पाहिलं.

बनाबाई बाहेर आली. पायरीवर थांबून तिने एकदा वर पाहिलं.

"तीन झाल्या, शेठ. बरोब्बर डोक्यावर."

मग तिने कमरेची चंची सोडली, चाचपून एक लवंग काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. शनिवार सरला की शेठ सुवास घेतात, हे वस्तीवरच्या मुक्कामांत तिने पाहिलं होतं. शेठनी लवंग नाकाशी धरली, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. बगळे एव्हाना निजले होते.

मग ते आत आले. टेबलावरचं पेन त्यांनी आपण होऊन उचललं.

"एक कोरा कागद द्या, बाई. एकाच नावाचा."

"आता उपयोग नाही, शेठ. हा पुढच्या फेरीत जाईल. पावसाळ्यानंतर."

"जाऊ दे. सगळ्यात वर ठेवा."

त्यांनी बनाबाई धोंडिबा खरात असं लिहिलं. अंदाजाने लिहिल्यामुळे ओळ तिरकी गेली. खाली सही केली. ज्ञानदाबाईंनी कागद घेतला, पण लगेच फाइलीत ठेवला नाही.

"तेव्हा तुम्हाला पुन्हा समक्ष यावं लागेल," त्या जरा चाचरत म्हणाल्या. "नियम आहे. दसऱ्याच्या सुमाराला."

शेठ हसले. पंच्याऐंशीव्या वर्षातला माणूस दसऱ्याची तारीख ऐकून हसतो, तसं. धनाजी आईकडे बघत नव्हता. तो खिडकीशी उभा राहून बाहेरच्या अंधाराकडे बघत होता.

"येत्याल की," बनाबाई म्हणाली. "न येऊन सांगत्यात कुनाला? फकस्त शनवार सोडून तारीक द्या, मॅडम."